आधी हॉव्हर नीट जमवा

पंखात बसवलेल्या फिरत्या पंख्यांवर उभं उचललं जाणारं विमान पुढच्या उड्डाणात जातं, त्या संक्रमणाचं सिम्युलेशन थेट लावू नका. आधी स्थिर हॉव्हर (जागच्या जागी तरंगणं) घ्या आणि पंख्यावरचा थ्रस्ट (उचलणारं बल) व भोवतीच्या डक्टवरचा (नळीवरचा) थ्रस्ट वेगळा मोजा. आदर्श डक्टमध्ये, बाहेरचा झोत पंख्याइतक्याच क्षेत्रफळाचा असेल तर, निम्मा थ्रस्ट इनलेटच्या (हवा आत येते त्या तोंडाच्या) ओठावरच्या कमी दाबातून येतो. तुमच्या उत्तरात तो वाटा फारच कमी दिसला तर ओठावरची मेश (गणनेची जाळी) जाड आहे, हे जवळजवळ नक्की.

मग पुढचा वेग हळूहळू वाढवा: ५, १०, २० मीटर प्रति सेकंद. प्रत्येक वेगाला स्थिर उत्तर काढा, खरं शिक्षण तिथेच होतं. येणारी हवा पंख्यात जाण्यासाठी काटकोनात वळते, तिचा पुढचा संवेग संपतो आणि रॅम ड्रॅग, म्हणजे विमानाला मागे ओढणारं बल, लागतो. सेकंदाला २०० किलो हवा आणि वेग ३० मीटर प्रति सेकंद असेल तर तो ६००० न्यूटन! शिवाय पुढच्या ओठावर शोषण वाढतं, खालचा झोत मागे वाकून विमानाच्या पंखाखाली कमी दाब तयार करतो, आणि विमानाचं नाक वर उचललं जातं. १९६४ साली उडालेल्या रायन एक्सव्ही-५ए या अशाच विमानाच्या नाकात पिच (नाक वर-खाली होणं) नियंत्रणासाठी वेगळा छोटा पंखा होता, तो उगाच नाही.

मी सुरुवातीला पंख्याचा दाबफरक हॉव्हरमधलाच कायम ठेवला होता, त्यात आठवडे गेले. ॲक्च्युएटर डिस्क (पाती न दाखवता फक्त दाबफरक देणारी पातळ चकती) वापरा, पण दाबफरक प्रवाहानुसार बदलू द्या. पुढच्या ओठाच्या आत प्रवाह पृष्ठभागापासून सुटतोय का, ते प्रत्येक वेगाला डोळ्यांनी पाहा.