बडोद्यात दीड दिवस: काय बघू, काय सोडू?

प्रश्न : ताई, आम्ही मालेगावचे. डिसेंबरात नणंदेच्या मुलाच्या लग्नाला बडोद्याला येतोय. शनिवारी दुपारी बाराला पोचू, लग्न रविवारी संध्याकाळी, सोमवारी पहाटे परत. हाताशी काय ती शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ. लक्ष्मीविलास राजवाडा आमचा दहा वर्षांपूर्वी बघून झालाय. सोबत तेरा वर्षांची लेक आहे आणि सासूबाई; त्यांचे गुडघे दुखतात. शोधून यादी केली ती अशी: कीर्तिमंदिर, तांबेकर वाडा, कमाटीबागेतलं संग्रहालय, संकल्पभूमी, अरविंद घोषांचं घर, सेंट्रल लायब्ररी, हजिरा. ह्यांचं म्हणणं, दिवसभराची रिक्षा ठरवू आणि सगळं उरकून टाकू. तुम्ही काय म्हणाल?
— एक वाचक, मालेगाव

उत्तर : ‘उरकून टाकू’ हा शब्द वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या माझ्या दोन भाच्यांना मी एका दिवसात सहा ठिकाणं दाखवली होती. रात्री जेवताना विचारलं, काय आवडलं गं? दोघी एका सुरात म्हणाल्या, उसाचा रस. तेव्हापासून पाहुण्यांच्या यादीवर माझा लाल पेन्सिलीचा हात सैल झालाय.

तुमच्या सात नावांतली तीन खोडते. हजिरा आधी. अकबराच्या काळातली कबर आहे, 1586 ची, अष्टकोनी, देखणी. पण ती प्रतापनगरकडे, तुमच्या बाकी ठिकाणांपासून वाकडी वाट करून. तेवढ्यासाठी तास घालवू नका. सेंट्रल लायब्ररी खोडताना हात अडखळतो. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि वाचनालयं गावोगाव नेली. तिथली लोखंडी मांडणी मजल्यांवर मजले चढत जाते, आणि त्या मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा. मी शाळकरी असताना त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायची. पण ते वाचणाऱ्याचं ठिकाण आहे. लग्नाच्या गडबडीत, जरीचं पातळ सांभाळत तिथे जाऊन काय करणार? अरविंदांच्या घराचं शेवटी सांगते. ते खोडलंय, पण अर्धवट.

उरली चार, आणि ती दोन बाजूंना पडतात. कीर्तिमंदिर, कमाटीबागेतलं संग्रहालय आणि संकल्पभूमी विश्वामित्री नदीच्या अंगाला, एकमेकांपासून रिक्षाने पाच-पाच मिनिटांवर. तांबेकर वाडा रावपुऱ्यात, जुन्या शहराच्या पोटात. तेव्हा दिवसभराची रिक्षा कशाला? शनिवार नदीकडे, रविवार रावपुऱ्यात. एवढंच ठरवा.

शनिवारी तीनच्या आत निघा. आधी कमाटीबाग. नकाशावर सयाजीबाग दिसेल, पण रिक्षावाल्याला ‘कमाटीबाग’च सांगा. बागेच्या तोंडाशी काळा घोडा आहे. तुम्हाला मुंबईतला आठवेल, आमचा आमच्या महाराजांचा आहे. संग्रहालय सरकारी, संध्याकाळी लवकर मिटतं, म्हणून तेच पहिलं. इमारत 1894 ची. तिथे तुमच्या लेकीला दोन गोष्टी दाखवा आणि बाहेर या: निळ्या देवमाशाचा 72 फुटी सांगाडा आणि इजिप्तची ममी. चित्रदालनात युरोपातली तैलचित्रं आहेत, ह्यांना गोडी असेल तर त्यांना तिकडे सोडा. सगळी दालनं पालथी घालायला गेलात तर सासूबाईंचे गुडघे बोलायला लागतील, आणि मुलगी फोनमध्ये तोंड घालेल. दोन्ही मी पाहिलंय.

मग सासूबाईंना बागेतल्या बाकावर बसवून तिघं संकल्पभूमीवर, म्हणजे बागेतल्या बाबासाहेबांच्या वडापाशी, जाऊन या. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त व्हायच्या वर्षी पहिल्यांदा त्या वडाखाली उभी राहिले. लाज वाटते सांगायला. 1913 मध्ये महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. 1917 च्या सप्टेंबरात ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत हजर झाले, तर या शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. पारशांच्या सराईत नाव लपवून अकरा दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते पाच तास त्यांनी या बागेत बसून काढले. तारीख 23 सप्टेंबर. शिष्यवृत्ती देणारं आणि छप्पर नाकारणारं शहर एकच. आम्ही बडोदेकर पहिली गोष्ट फार मोठ्याने सांगतो. मुलीला दोन्ही सांगा. तेरा म्हणजे कळायचं वय.

बागेला लागूनच विश्वामित्रीचा पूल. उन्ह असेल तर काठावर मगर पहुडलेली दिसू शकते. खरीखुरी, शहराच्या मधोमध. दिसली नाही तर नदी बघा. डिसेंबरात पाणी काळंशार आणि बेताचंच असतं, फार अपेक्षा ठेवू नका.

कीर्तिमंदिर त्याच अंगाला. ही गायकवाड घराण्याची स्मृतिवास्तू, 1936 मध्ये सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची. बाहेरून दगडी शिखर, त्यावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थान कोरलेला ब्राँझचा पृथ्वीगोल. लोक फोटो काढतात आणि निघतात. आतली मौज बरेच जण बघतच नाहीत: नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. शांतिनिकेतनहून ते 1939 ते 1946 या काळात येऊन-जाऊन काम करत होते. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध आणि टागोरांच्या ‘नटीर पूजा’ नाटकातले प्रसंग. मुलीला सांगाल, एकच चित्र निवड आणि दहा मिनिटं तिथून हलू नकोस. मी माझ्या वर्गाला गंगावतरणासमोर बसवायची. पहिली पाच मिनिटं नुसती चुळबुळ असायची, मग कुणीतरी म्हणायचं, बाई, ती बघा ना, जटांतून निघालीय. त्यापुढे मला काही बोलावं लागायचं नाही.

आणखी एक. तुम्ही मालेगावच्या, म्हणजे हे तुमच्या घरचंच की. सयाजीराव मूळचे तुमच्याच तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. 1875 मध्ये दत्तक घेऊन त्यांना इथे आणलं तेव्हा वय बारा. कीर्तिमंदिरात घराण्यातल्यांचे पुतळे आहेत, त्यांच्यासमोर उभ्या राहाल तेव्हा मुलीला सांगा, हा तुझ्याएवढा होता.

रविवारी सकाळी तांबेकर वाडा. सासूबाईंना नका नेऊ. जिना अरुंद आणि उभा, लाकडी. आणि तसंही लग्नघरी हळदीची गडबड असणार, त्यांना तिथेच हवंसं असेल. मी मात्र या वाड्यासाठी भांडेन. भाऊ तांबेकर हे 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण, त्यांचं हे राहतं घर. वर चढून त्या चित्रांच्या खोलीत गेलात की आधी काही कळतच नाही, इतकी भिंत भरलेली आहे. दारांवर, खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यांवर, जिथे हात पोचेल तिथे चित्रं. कृष्णलीला, महाभारतातली युद्धं, मराठी बायका, मधूनच टोप्या घातलेले साहेब. ही राजवाड्यातली ऐसपैस चित्रं नव्हेत. दिवाणखान्यातली हौस आहे ही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. राजवाड्यात तुम्ही राजाचं वैभव बघितलंत. मराठी कारभारी घरात कसा राहत होता, डोळ्यांपुढे काय ठेवून जेवत होता, ते इथे दिसतं. म्हणून हा वाडा मला कीर्तिमंदिरापेक्षाही वरचा वाटतो. माझ्या नवऱ्याला मान्य नाही, पण तो वास्तुविशारद आहे, त्याला शिखरं आवडतात.

एक चूक करू नका. एकदा एका पाहुण्याला मी हौसेने संध्याकाळी पाचला घेऊन गेले. आत अंधारून आलेलं, मोबाईलच्या टॉर्चमध्ये आम्हाला दिसले फक्त एका घोड्याचे पाय. पाहुणे सभ्य, ‘वा’ म्हणाले. तेव्हा सकाळीच जा, दहा-साडेदहाला, खिडकीतून उजेड येत असताना. फ्लॅश मारू नका, रंग जुने आहेत. आणि वाडा उघडा आहे ना, एवढं निघण्याआधी नणंदेकडून विचारून घ्या, नाहीतर बंद दारासमोर आपली वरात.

बाहेर पडलात की सेव-उसळ खा. मिसळीची बहीण म्हणा, पण धाकटी आणि जास्त तिखट. वरून पिवळी सेव आणि कांद्याची पात, सोबत पाव. तर्री वेगळी मागा, नाहीतर संध्याकाळी लग्नात मुलगी रडत बसेल.

आता अरविंदांचं घर. दांडियाबाजारात आहे, रावपुऱ्यापासून जवळ. 1893 ते 1906 ते बडोद्यात नोकरीला होते. घर शांत आहे, पाहण्यासारखं फार नाही, बसण्यासारखं आहे. वाडा लवकर झाला आणि दुपारच्या जेवणाला अवकाश असेल तरच वळा. विष्णू भास्कर लेले या आपल्या मराठी योग्यासोबत अरविंदांनी 1908 च्या जानेवारीत तीन दिवस ध्यान केलं ते याच घरात, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या. ते झालं मजुमदारांच्या वाड्यात. पण तुमच्या नणंदेच्या शेजाऱ्यांशी यावरून वाद घालू नका, मी घालून पाहिलाय.

---

प्रश्न : मी ठाण्याचा. अहमदाबादहून परतताना बडोदा स्टेशनवर दोन गाड्यांच्या मध्ये चार तास मिळतात. पाठीवर एक सॅक. तांबेकर वाडा जमेल का?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : जमेल, पण तुझा जीव सगळा वेळ घड्याळात अडकेल. स्टेशनातून बाहेर पड आणि विद्यापीठाच्या कलाशाखेकडे चालत जा, दहा मिनिटं लागतील. जुन्या बडोदा कॉलेजची ती घुमटाची इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाची. विजापूरचा गोलघुमट बघितला असशील तर ओळख पटेल. मुलं पायऱ्यांवर डबे खात बसलेली असतात, तूही बस. तिथून रिक्षाने कमाटीबाग, आणि वरच्या पत्रात लिहिलेला वड. संग्रहालय तुझ्यासाठी नाही, सॅक कुठे ठेवणार? दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे चित्रपटाच्या मुलांना सांगितलं की ती हमखास ते बघायचा हट्ट धरतात. तू धरू नकोस. गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनवर परत ये, आणि डब्यात चढण्यापूर्वी लीलो चिवडा घे. ताजा असेल तर ठाण्यापर्यंत उरणार नाही.