बंपर-बॉनेटवर चिकटलेले किडे कसे काढायचे आणि पुन्हा चिकटू नयेत म्हणून काय करायचं?

घासू नका, आधी भिजवा. निम्मं काम तिथेच होतं. जुना टॉवेल कार शॅम्पूच्या पाण्यात बुडवून बंपरवर, बॉनेटच्या पुढच्या कडेवर १०-१५ मिनिटं पसरून ठेवा. गाडी सावलीत आणि बॉनेट गार हवं, नाहीतर शॅम्पू तिथेच वाळतो. मग मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. नाही निघाले तर पुन्हा भिजवा. भांड्यांची घासणी मात्र गाडीजवळही आणू नका. किडे जातील, पण चरे कायमचे राहतील.

उशीर करू नका. किड्यांच्या शरीरातला द्रव थोडा आम्लधर्मी असतो. उन्हात तापला की रंगावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे पारदर्शक थराला, खातो आणि मग धुऊनही डाग राहतो.

काचेवर किडे असताना कोरडे वायपर फिरवू नका, सगळं फासलं जाऊन समोरचं दिसेनासं होतं. आधी भरपूर पाणी मारा. हेडलाइट प्लॅस्टिकचे असतात, त्यांना थिनर लावू नका. जाळीतून रेडिएटरवर प्रेशरचं पाणी जवळून मारलं तर पातळ पत्रे वाकतात, तिथे साधा पाइप बरा.

किडे चिकटूच नयेत असा उपाय मला तरी माहीत नाही. गाडीच्या रंगावर मेण किंवा सिलंट (मेणासारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप) लावलेलं असेल तर ते सहज सुटतात, एवढंच. भांड्यांच्या साबणाने गाडी धुतली तर मेणही उतरतं. पारदर्शक संरक्षक फिल्म महाग, पण हायवेवर रोज जात असाल तर पुढच्या भागापुरती लावून घ्या.