फाइली गेल्या, मन मात्र तिथेच अडकले

प्रश्न : माझ्या संगणकाची हार्ड डिस्क दोन महिन्यांपूर्वी अचानक बंद पडली. वडील शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगत आणि मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित करून नंतर संगणकावर ठेवत असे. गोष्ट सुरू करण्याआधी ते नेहमी घसा खाकरून ‘हं, तर मग’ म्हणत, तेही त्या ध्वनिमुद्रणांत होते. फोन बदलताना जुन्या फोनमधील सर्व पुसले गेले. माझ्या अनेक वर्षांच्या कथाही त्याच डिस्कवर होत्या आणि त्यांचीही दुसरी प्रत नाही. घरचे म्हणतात, ‘फाइलीच तर होत्या, माणूस थोडेच गेले आहे?’ त्यांचे म्हणणे पटते, तरी रात्र रात्र झोप येत नाही, संगणकाला हात लावावासा वाटत नाही आणि वडील पुन्हा एकदा गेल्यासारखे वाटते. बंद पडलेली डिस्क कपाटात ठेवली आहे. ती तपासायला द्यायचे रोज ठरवते, पण देत नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही. ‘वडील पुन्हा एकदा गेल्यासारखे वाटते’ हे वाक्य तुम्ही ओघात लिहिले असले, तरी तुमच्या पत्राचे मर्म तेच आहे. माणूस गेल्यानंतर त्याचा आवाज हवा तेव्हा ऐकता येईल, या खात्रीवर तुम्ही इतके दिवस उभ्या होत्या. कदाचित ती ध्वनिमुद्रणे तुम्ही क्वचितच ऐकली असतील, पण ती आहेत एवढे ठाऊक असणे पुरेसे होते. डिस्कबरोबर ती खात्री गेली, आणि तिच्या आधाराने मागे राहिलेले वडिलांच्या मृत्यूचे दुःख आता पुढे आले आहे. घरच्यांना केवळ यंत्र बिघडलेले दिसते, त्यामुळे त्यांचे समजावणे तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

मृत्यू आणि शोक यांचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाविषयी सविस्तर मांडणी केली, ज्याला भोवतालचा समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. असे दुःख भोगणाऱ्याला सांत्वनाला कोणी येत नाही, आणि पुढे पुढे तो स्वतःच स्वतःला विचारू लागतो की आपण उगाच बाऊ तर करत नाही ना. तुमचा शेवटचा प्रश्न नेमका तोच आहे. म्हणून आधी एवढेच करावे, की घरातल्या एका तरी जवळच्या माणसाला समोर बसवून ‘फाइली’ हा शब्द न वापरता काय गेले ते सांगावे : बाबांचा आवाज गेला, त्यांच्या गोष्टी गेल्या. ज्यांना फाइल गेल्याचे दुःख कळत नाही, त्यांना आवाज गेल्याचे नक्की कळेल.

आता कपाटातल्या डिस्कविषयी, कारण मला वाटते की तुमची झोप खरी तिथे अडकली आहे. डिस्क तपासायला दिली तर ‘काही निघत नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि दिली नाही तोवर आशा शाबूत राहते. म्हणून तुम्ही रोज ठरवता आणि रोज थांबता. पॉलीन बॉस या संशोधिकेने १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. आपला माणूस गेला की आहे हेच निश्चित नसेल, तर शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही, हे त्यांनी मांडले. तुमची हानी आणि त्या कुटुंबांची हानी यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण अनिश्चितता मनाला जखडून ठेवते, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. तेव्हा त्या आशेला मुदत घालून द्यावी. एक दिवस ठरवून डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी आणि त्याचे उत्तर अखेरचे मानावे.

मात्र ती देण्याआधी ‘एकदा लावून तर पाहू’ असे करू नये. हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय थर दिलेल्या चकत्या मिनिटाला हजारो वेळा, बहुतेक डिस्कमध्ये ५४०० किंवा ७२०० वेळा, फिरत असतात आणि वाचणारे टोक त्यांना स्पर्श न करता केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. ते टोक बिघडून चकतीला घासू लागले, तर ज्या थरावर तुमच्या वडिलांचा आवाज आहे तोच खरवडला जातो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर प्रत्येक वेळी वीज देणे म्हणजे उरलेले गमावणे होय. डिस्क घरी उघडू नये, आणि फ्रीजमध्ये ठेवण्यासारखे ऐकीव उपायही करू नयेत. बिघाड केवळ बाहेरच्या सर्किटमध्ये असेल, तर आतला सर्व मजकूर जसाच्या तसा असण्याची शक्यता असते. आधी तपासणी आणि खर्चाचा लेखी अंदाज मागावा, मगच पुढच्या कामाला होकार द्यावा.

दरम्यान भावंडांना आणि नातलगांना विचारा. एखादे ध्वनिमुद्रण तुम्ही कधी कोणाला पाठवले असेल, तर ते त्यांच्या फोनमध्ये पडून असू शकते. एखादी कथा वाचायला म्हणून ईमेलने कोणाला धाडली असेल, तर ती ‘पाठवलेले’ या कप्प्यात सापडेल. जुन्या फोनचे मेमरी कार्ड आणि फोनशी जोडलेले क्लाउड खातेही पाहावे, कारण काही फोन आपल्या नकळत तिथे प्रत ठेवत असतात.

एवढे करूनही हाती काही आले नाही, तर काय? आवाजाची भरपाई कशानेही होत नाही, आणि ती होईल असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. परंतु त्या गोष्टी तुम्ही स्वतः त्यांच्या शेजारी बसून ऐकल्या आहेत. स्मृती प्रत्येक आठवणीबरोबर थोडी बदलत जाते, म्हणून जे आठवते ते आताच लिहून काढावे. सुसंगत नको, सुंदर नको, तुमची भाषाही नको, त्यांचीच हवी. ‘हं, तर मग’ने सुरुवात करावी, ते कुठे थांबत, कोणत्या माणसाचे नाव घेताना हसत, कोणती गोष्ट अर्धवट सोडून देत, हे सर्व त्यात येऊ द्यावे, आणि भावंडांना त्यांना आठवते ते त्यांच्या आवाजात सांगायला लावावे. लिहिताना रडू आले तर येऊ द्यावे. दोन महिने जे तुंबले आहे, त्याला वाट मिळायलाच हवी.

तुमच्या कथांची गोष्ट निराळी आहे, आणि ते दुःख वडिलांच्या दुःखाखाली दडपून टाकू नये. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लेखक थॉमस कार्लाइल यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित आपले मित्र, विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांना वाचायला दिले होते. १८३५ मध्ये ते रद्दी समजून जाळले गेले. कार्लाइल यांनी तो खंड पुन्हा लिहिला आणि १८३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. ही हकीकत हताश लेखकाला ‘ऊठ, लाग कामाला’ म्हणण्यासाठी सांगितली जाते, ते मला रुचत नाही. तिच्यातून एवढेच घ्यावे, की पुन्हा लिहिणे शक्य असते आणि पुन्हा लिहिलेले लेखन ही पहिल्याची नक्कल नसते. हरवलेली वाक्ये आठवत बसलात तर प्रत्येक नवे वाक्य फिके वाटेल. म्हणून ज्या कथा अजून मनात रेंगाळतात, त्यांच्याकडेच जेव्हा जावेसे वाटेल तेव्हा जावे, आणि उरलेल्यांची निदान नावे वहीत लिहून ठेवावीत.

‘बॅकअप घेतला नव्हता का?’ हे तुम्हाला अनेकांनी विचारले असेल आणि त्याहून अधिक वेळा तुम्ही स्वतःला. आज जे इतके उघड दिसते, ते डिस्क चालू असताना दिसत नव्हते. आणि प्रत न ठेवणे म्हणजे वडिलांची कदर नसणे, असा अर्थ तर मुळीच होत नाही. नव्या लेखनाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर, ही व्यवस्था सवडीने लावून घ्यावी आणि तो विषय तिथेच सोडावा. झोप मात्र अशीच उडालेली राहिली, जेवण किंवा रोजचे काम सुटू लागले, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला अवश्य भेटावे, आणि तिथे डिस्कइतकेच वडिलांविषयीही बोलावे.

प्रश्न : ताईची हार्ड डिस्क मी काही कामासाठी घेतली होती आणि माझी समजून चुकून ती फॉरमॅट केली. तिच्या बाळाच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्यात होते. डिस्क मी गुपचूप परत ठेवली. तिला अजून ठाऊक नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

उत्तर : आजच सांगा, आणि त्यामागे नुसता प्रामाणिकपणाचा आग्रह नाही. झटपट फॉरमॅट केल्याने हार्ड डिस्कवरची केवळ अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते. फोटो त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत खाली तसेच असतात. ताईने काही न कळता त्या डिस्कवर नवे काही साठवले, तर जे वाचू शकले असते तेही जाईल, आणि ते तुमच्या गप्प राहण्यामुळे गेलेले असेल. डिस्क एसएसडी प्रकारची, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी, असेल तर शक्यता बरीच कमी होते, कारण तिथे मोकळी केलेली जागा डिस्क स्वतःहूनच पुसून टाकते. तरीही तज्ज्ञाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये.

वर उल्लेख आलेले हस्तलिखित जळाले, तेव्हा मिल स्वतः कार्लाइल यांच्या घरी ते सांगायला गेले, हे त्यांनी योग्यच केले. पण ते इतके खचून गेले होते आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहिले, की ज्यांचे नुकसान झाले त्या कार्लाइल दांपत्यालाच त्यांची समजूत घालत बसावे लागले. ताईवर ती वेळ आणू नका. काय झाले ते थोडक्यात सांगावे, ‘चूक माझी आहे’ म्हणावे आणि मग ती रागावली, रडली किंवा काहीच बोलली नाही, तरी ऐकून घ्यावे. ‘फोटो काय, पुन्हा काढू’ असे चुकूनही म्हणू नये; बाळ मोठे झाले आहे. माफी लगेच मिळेल असे गृहीत धरू नये.

त्याआधी डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवा. त्या वर्षात नातलगांना पाठवलेले फोटो गोळा करण्याचे काम तुम्ही अंगावर घ्या. डिस्क मात्र ताईच्या हाती द्या आणि ती कोणाकडे तपासायला द्यायची, की द्यायचीच नाही, हे तिला ठरवू द्या.