परीक्षेत स्थिरांकांचा तक्ता समोर असूनही उत्तर का चुकतं?

प्रश्न : २ मोल वायू, तापमान ३०० केल्विन, आकारमान ५ लिटर. तक्त्यातून वायू स्थिरांक ८.३१४ घेऊन दाब काढला (मोल × स्थिरांक × तापमान ÷ आकारमान), ९९७.७ पास्कल आला. सूत्र बरोबर, आकडा तक्त्यातलाच, तरी गुण गेले.

उत्तर : चूक एककात आहे. ८.३१४ च्या पुढे तक्त्यात ‘ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन’ लिहिलेलं असतं. ज्यूल म्हणजे पास्कल गुणिले घनमीटर. तुम्ही आकारमान मात्र लिटरमध्येच ठेवलंत. ५ लिटर म्हणजे ०.००५ घनमीटर, ते घातलं की दाब सुमारे ९,९७,७०० पास्कल येतो. तुमचं उत्तर हजारपट कमी होतं, आणि सुरुवातीचे अंक तेच असल्यामुळे ही चूक पडताळतानाही नजरेतून निसटते. लिटरच ठेवायचे असतील तर तक्त्यातली दुसरी किंमत घ्या : ०.०८२१ लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर प्रति मोल प्रति केल्विन. उत्तर येतं ९.८५ अ‍ॅटमॉस्फिअर. १ अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १,०१,३२५ पास्कल; गुणून पाहा, दोन्ही उत्तरं एकच दाब सांगतात.

म्हणून आधी दिलेल्या राशींची एककं लिहून काढा, मगच तक्त्याकडे वळा. स्थिरांक लिहिताना एककासकट लिहा आणि शेवटी कोणतं एकक उरतं ते तपासा. तापमान सेल्सिअसमध्ये दिलं असेल तर त्यात २७३ मिळवायचे, हेही याच टप्प्यावर.

प्रश्न : एका तक्त्यात रकान्याचं शीर्षक ‘तरंगलांबी × १० चा ९ वा घात (मीटर)’ असं होतं आणि खाली ५८९. गुणायचं की भागायचं?

उत्तर : भागायचं. शीर्षक हे समीकरण म्हणून वाचा : तरंगलांबीला १० च्या ९ व्या घाताने गुणलं तेव्हा ५८९ आले. म्हणजे तरंगलांबी ५८९ गुणिले १० चा उणे ९ वा घात मीटर. शीर्षकात तरंगलांबीला १० च्या उणे ९ व्या घाताने भागलेलं असेल, तरी अर्थ तोच. गुणलंत तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ चौपट निघेल. दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी ही गफलत लगेच पकडता येते.

प्रश्न : प्रकाशाचा वेग ३.०० घ्यायचा की २.९९८ (गुणिले १० चा ८ वा घात मीटर प्रति सेकंद)? उत्तर थोडं वेगळं येतं.

उत्तर : प्रश्नपत्रिकेत जो दिला असेल तोच, पाठ असलेली किंमत मध्ये आणू नका. दोन्हींत फरक ०.०७ टक्क्याचाच आहे. त्याहून मोठं नुकसान मध्येच केलेल्या पूर्णांकनाने होतं. वरच्याच ५८९ नॅनोमीटरच्या फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा ३.०० घेऊन ३.३७५, तर २.९९८ घेऊन ३.३७३ गुणिले १० चा उणे १९ वा घात ज्यूल येते. १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात याने भागून इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या लहान एककात नेलं, तर तीन सार्थ अंकांपर्यंत दोन्हीकडे २.११. पण आधीच ३.३७ करून भागलंत, तर २.१० होतं! मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्त ठेवा, पूर्णांकन शेवटच्या ओळीत.

प्रश्न : प्रमाण क्षपण विभवाच्या (इलेक्ट्रॉन घेण्याच्या अभिक्रियेच्या विभवाच्या) तक्त्यातून जस्त-चांदी घटाचं विभव काढताना जस्ताचं चिन्ह बदलायचं का?

उत्तर : ‘कॅथोड वजा अ‍ॅनोड’ (इथे चांदी कॅथोड, जस्त अ‍ॅनोड) वापरत असाल तर अजिबात नाही. ०.८० वजा (उणे ०.७६), म्हणजे १.५६ व्होल्ट. आधी चिन्ह बदलून मग वजाबाकी केली तर चिन्ह दोनदा बदलतं आणि ०.०४ येतं. समीकरण संतुलित करताना चांदीची अभिक्रिया दोनने गुणावी लागते, पण ०.८० ला गुणू नका : विभव ही प्रति कूलोम ऊर्जा आहे, इलेक्ट्रॉन दुप्पट झाले की ऊर्जाही दुप्पट होते आणि गुणोत्तर तेच राहतं.