खिशातल्या कार्डाची भीती, गेटवरच्या कार्डाचा विसर

टॅप करून पैसे देण्याच्या कार्डांबद्दल जेवढी पत्रं येतात, त्यांतल्या निम्म्यांत तोच एक व्हिडिओ असतो: लोकलच्या गर्दीत एक जण कार्डमशीन लोकांच्या मागच्या खिशाला लावत चाललाय. तेव्हा सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मी रोज ठाणे-दादर प्रवास करतो. पाकिटात दोन कार्डं असतात. असे पैसे खरंच जातात का?

तंत्र म्हणून अशक्य नाही, धंदा म्हणून खुळेपणा आहे. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. मशीनच्या 13.56 मेगाहर्ट्झच्या लहरींवर ते जागं होतं, तेही काही सेंटिमीटरच्या आत. दोन कार्डं एकमेकांना चिकटून असली की दोन्ही एकदम बोलू लागतात आणि मशीन बहुतेक वेळा व्यवहारच सोडून देतं. शिवाय मशीन केवायसी करून मिळतं आणि पैसे त्याच व्यापाऱ्याच्या खात्यात जमा होतात. स्वतःचा पॅन नंबर मागे ठेवून जाणारा खिसेकापू मी अजून पाहिलेला नाही.

जवळून कार्डाचा क्रमांक आणि मुदत वाचता येते, मागचे तीन आकडे वाचता येत नाहीत. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, परदेशातल्या कित्येक वेबसाइटना लागत नाही. म्हणून ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. बटण सापडलं नाही तर शाखेत विचारा, यूट्यूबवर नको.

प्रश्न : लहरी अडवणारं नऊशे रुपयांचं पाकीट घ्यावं का?

नको. टॅपची सोय बंद-चालू करायचं बटण रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या आदेशामुळे बँकेला द्यावंच लागतं, आणि ते फुकट आहे.

प्रश्न : सिग्नलवर काच पुसणारा मुलगा घड्याळाने फास्टॅगमधले पैसे काढतो म्हणे?

थाप आहे. फास्टॅगचे पैसे टोलनाका, पार्किंग अशा नोंदणी झालेल्या व्यापाऱ्यालाच जातात, आणि फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने 2022 मध्येच हे सांगितलंय.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत डेबिट कार्ड हरवलं. 4,800 आणि 4,950 असे दोन व्यवहार पिनशिवाय झाले. एसएमएस त्याच दिवशी आले होते, पण मी पुढच्या आठवड्यात बँकेत गेले. शाखेत म्हणाले, "टॅप आहे, आमच्या हातात काही नाही." (सांगली)

पिनशिवायची मर्यादा 1 जानेवारी 2021 पासून दोन हजारांवरून पाच हजारांवर गेली. चोराला हा आकडा तुमच्याआधी पाठ असतो, हे दोन्ही रकमांवरून दिसतंच.

"आमच्या हातात काही नाही" हे उत्तर मात्र मान्य करू नका. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर तुमच्यावर काही पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार. त्यापुढे बँकेचं धोरण. तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. जबाबदारी तुमची होती, हे सिद्धही बँकेनेच करायचं. हरवलेलं कार्ड वेळेत बंद केलं नाही म्हणून बँक हलगर्जीपणाचा मुद्दा काढेल, तयारी ठेवा. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवरही नोंदवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नियम बदलतात, तेव्हा आज लागू असलेलं धोरण बँकेकडून लेखी मागा.

आणि एक विचारतो, राग नसावा: एसएमएस वाचल्यावर कार्ड बंद करायला लग्न आड येतं का? दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : बँकेतून फोन आला की ॲप टाका, कार्ड मोबाइलच्या पाठीला टेकवा आणि पडताळणीसाठी पिन घाला. कार्ड तर माझ्याच हातात राहतं, मग धोका काय?

तुमचा मोबाइल कार्ड वाचतो आणि ती माहिती दूरवर एटीएमपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलला पाठवतो. तिथे तो फोनच तुमचं कार्ड होऊन बसतो. चेक प्रजासत्ताकात असं घडलंय, 'एनगेट' नावाच्या या ॲपची माहिती ऑगस्ट 2024 मध्ये 'ईसेट' या सायबर सुरक्षा कंपनीने जाहीर केली. गर्दीतल्या मशीनला घाबरणारी माणसं असल्या फोनला "हो सर" म्हणतात. फोन ठेवा. पिन घातला असेल तर आधी कार्ड बंद, मग हे वाचा.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे. हॉस्टेलच्या मेसचं कार्ड कॉपी होतं, हे त्याने स्वतःच्या कार्डावर करून पाहिलं आणि ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदार पोलिसांची भाषा करतोय. मुलाने गप्प बसावं का?

या प्रश्नाची मी बरीच वर्षं वाट पाहत होतो.

मेसचं, ऑफिसच्या दाराचं स्वस्त कार्ड बऱ्याचदा 'मायफेअर क्लासिक' जातीचं निघतं. 1994 ची चिप, 48 बिटांची सांकेतिक किल्ली, आणि माहिती कुलूपबंद करायची गणिती पद्धत कंपनीने गुपित ठेवलेली. सगळी भिस्त त्या गुपितावर. डिसेंबर 2007 मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या संशोधकांनी बर्लिनच्या हॅकर परिषदेत दाखवलं की चिपचे थर घासून काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले, तर आतली रचना वाचता येते. मग नेदरलँड्सच्या नायमेखन विद्यापीठातल्या मंडळींनी पूर्ण पद्धत उलगडली. त्यांनी सरकारला आणि चिप बनवणाऱ्या एनएक्सपीला आधी कळवलं, मगच जाहीर केलं. शोधनिबंध छापू नये म्हणून एनएक्सपी कोर्टात गेली. 18 जुलै 2008 ला आर्नहेमच्या न्यायालयाने मनाई नाकारली. सूर असा, की नुकसान लेखामुळे होत नाही, उणिवा असलेली चिप विकल्यामुळे होतं. हे वाक्य प्रत्येक ठेकेदाराच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हवं.

त्याच ऑगस्टमध्ये बोस्टनच्या मेट्रोने तिच्या तिकीट-कार्डांतल्या उणिवांवरचं एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांचं भाषण कोर्टातून थांबवलं. स्लाइड्स आधीच सीडीवर वाटून झाल्या होत्या! दहा दिवसांत मनाई उठली. 2023 मध्ये त्याच शहराच्या परिसरातल्या चार शाळकरी पोरांनी पुन्हा त्याच मेट्रोची कार्डं फोडून दाखवली. या वेळी मेट्रोने कोर्ट न गाठता त्यांना भेटायला बोलावलं. शहाणपण यायला पंधरा वर्षं लागली, पण आलं.

दोष जाहीर करण्याआधी थोडं थांबणं मलाही मान्य आहे, तारीख ठरवून. हॉटेलांच्या 'सॅफलॉक' कुलपांतली खोट कंपनीला सप्टेंबर 2022 मध्ये सांगितली गेली, जाहीर झाली मार्च 2024 मध्ये. तोवर तीसेक लाख दारांपैकी 36 टक्केच दुरुस्त झाली होती. मुदत नसती तर?

आता तुमचा मुलगा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणाऱ्याला भरपाईसाठी धरतं, आणि "कुतूहल होतं" ही सबब त्यात नाही; हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा असेल तर कलम 66 खाली तो गुन्हाही होतो. तेव्हा त्याने यापुढे एकही कार्ड वाचू नये, बॅलन्सला हात लावू नये, कॉपी कुणाला दाखवू नये. काय केलं आणि कधी केलं हे तारखेसह लिहून प्राध्यापकांमार्फत संस्थेला द्यावं. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेकडे असा दोष कळवायची रीतसर सोय आहे. आणि तिथे काही पाठवण्याआधी सायबर कायदा जाणणाऱ्या वकिलाला मसुदा दाखवा. फी वाचवू नका. गप्प मात्र बसू नये.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी. गेटच्या नव्या कार्डांचा विक्रेता म्हणतो, "कॉपी होणारच नाही." सही करू का?

चिपचं नेमकं नाव लेटरहेडवर मागा. 'मायफेअर क्लासिक' आलं किंवा 125 किलोहर्ट्झ असं आलं, तर सही थांबवा. त्या दुसऱ्या जातीची साधी कार्डं तर नुसता नंबर ओरडतात. विक्रेत्याशी संबंध नसलेला माणूस बोलावून तपासून घ्या. आणि जुनं एक कार्ड कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे घेऊन जा, तो किती मिनिटांत दुसरं करून देतो ते घड्याळ लावून बघा.