आंतरराष्ट्रीय सहनिर्मितीच्या सिनेमांमुळं एखाद्या भागाच्या अर्थव्यवस्थेला खरंच फायदा होतो का?

होतो की. जो स्वतःच्या नावानं बिल देतो त्याला होतो.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. भावोजींसोबत मंडप-भांड्यांचा धंदा आहे. मागं कणकुंबीच्या बाजूला युरोपातल्या एका कंपनीचं आणि मुंबईवाल्यांचं मिळून शूटिंग होतं. आर्ट डिपार्टमेंटला शेवाळ चढलेली जुनी खानापुरी कौलं हवी होती. गावोगाव फिरून त्यांनी ती उतरवून घेतली, बदल्यात घरांवर नवे पत्रे घालून दिले. म्हाताऱ्या खूश! (पावसाळ्यात पत्रे वाजायला लागल्यावर घातलेल्या शिव्या वेगळ्या.) सेटचं सुतारकाम आमच्या पोरांनी केलं. मंडप, खुर्च्या, जनरेटर, पातेली सगळं आमचं. बिल मात्र गोव्याच्या एका कंत्राटदाराचं, कारण आमच्याकडं जीएसटी नंबर नाही. त्यानं युनिटकडून काय दर घेतला ते त्याच्याच ड्रायव्हरनं चहा पिता पिता सांगितलं. आमच्या हातात जेमतेम निम्मे पडले होते, तेही रोख.

युनिटला मी दोष देत नाही. २०२३ मध्ये केंद्रानं सवलत वाढवली. भारतात केलेल्या पात्र खर्चाच्या परदेशी सिनेमाला ४० टक्क्यांपर्यंत, तर अधिकृत सहनिर्मितीला ३० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळते, कमाल ३० कोटी. म्हणजे प्रत्येक रुपयाला कागद पाहिजे. बिनबिलाच्या माणसाला ते दारात कशाला उभं करतील?

भावोजींचं एकच तुणतुणं, ‘आपली उलाढाल २० लाखांच्या आत, कशाला ती रिटर्नची कटकट?’ सक्ती नाही हे कबूल. पण स्वतःहून नंबर घेता येतो, आणि रिटर्न भरायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट त्या कंत्राटदारानं एका कामात नेलं.

हां, तुमचा प्रश्न सहनिर्मितीचा होता. इटली, फ्रान्स, जर्मनी अशा देशांशी भारताचे करार आहेत. त्यात बसणारा सिनेमा दोन्हीकडं देशी धरला जातो, दोन्हीकडच्या सवलतींना पात्र ठरतो, दोन्हीकडचे कलाकार-तंत्रज्ञ असतात. आता आपल्याकडचे म्हणजे बहुतेक मुंबईचेच. एडिटिंग, साउंडचा पैसा खानापूरला फिरकत नाही. आणि युनिट हललं की लॉज परत रिकामे, हेही धरून चाला. मंडपवाले, सुतार, गाडीवाले, खानावळवाले यांच्यापुरतं मात्र ज्याचं बिल त्याचा फायदा, हे खरं आहे.

भावोजी, वाचत असाल तर पॅन, आधार आणि दुकानाचं लाइट बिल व्हॉट्सॲपवर टाका. फॉर्म मी भरतो.