क्वेत्झाल पक्ष्याला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात एवढा मान का आहे?
कारण तिथल्या प्राचीन माया संस्कृतीच्या लोकांना याची पिसं सोन्याइतकी मोलाची वाटायची, राजाच्या मुकुटात लावायचे. नराच्या शेपटीची पिसं जवळजवळ 1 मीटरपर्यंत वाढतात आणि हिरवा दिसतो तो रंग नसतोच मुळी, पिसाच्या बारीक रचनेवर उजेड पडून तसा दिसतो, म्हणून पक्षी जरा वळला की लगेच निळसर झाक येते, खाली पोट लालभडक! मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांचा पिसांचा सर्पदेव क्वेत्झालकोआत्ल, त्याच्या नावातही हाच पक्षी आहे. 1871 पासून ग्वाटेमालाच्या झेंड्यावर आहे, 1925 मध्ये तर चलनालाच क्वेत्झाल नाव दिलं. पण हा घरटं करतो कुजक्या झाडाच्या ढोलीत, आणि तो राहतो ती डोंगरावरची धुक्याची जंगलंच तोडली जातायत, याचं फार वाईट वाटतं.